पाच ट्वाडलचा समुद्र

“रविवारी माझे लेक-जावई यायलेत, मेलनं,” सावित्रम्मा भिंतीपलीकडच्या चंद्रव्वाला सांगत होती, आणि नागप्पाचा हात पाण्यात होता तिथंच थांबला. टाकीच्या काचेवर आतून धरलेलं शेवाळ तो दाढीच्या पात्यानं खरवडत होता. मिलचा भोंगा व्हायच्या आत हे काम उरकायचं, असा त्याचा रोजचा नेम. शब्द मराठीत होता. घरात नवरा-बायको तेलुगूत बोलत, आणि तेलुगूत तो शब्द सावित्रम्मानं त्याच्यासमोर अजून उच्चारला नव्हता. शेजारणीसाठी मात्र तिनं तो पदराला हात पुसावा इतक्या सहज वापरून टाकला. जावई. त्यांना मुलगी नव्हती. एकच मुलगा होता, गोपाळ, आणि त्याला जाऊन सात वर्षं होत आली होती. प्रभा त्याची बायको. आठ महिन्यांपूर्वी सावित्रम्मानंच पुढे होऊन तिचं दुसरं लग्न लावून दिलं. मग आता येणारा तो माणूस आपला कोण, हे नागप्पानं ठरवायचं टाळलं होतं, आणि इथं परसात कपडे पिळता पिळता ते ठरूनही गेलं होतं. पाण्यात हात गार पडत चालला. कपारीतून जुना मासा बाहेर आला, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं अंग तिरकं करून त्यानं मनगटाभोवती एक फेरी मारली आणि आपल्या दगडाशी परत जाऊन उभा राहिला.

हा मासा आला तेव्हा चार आण्याच्या नाण्याएवढा होता. ती एकोणसत्तरची दिवाळी. गोपाळ बेटांकडे तांदूळ-रॉकेल नेणाऱ्या जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता, आणि सुट्टीवर येताना त्यानं मुंबईहून रात्रभर मांडीत धरून रॉकेलचा एक डबा आणला होता. मागून हमालाच्या डोक्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दगड. दगडांना वास होता, सोलापुरात कुणाच्याच ओळखीचा नसलेला, खारट, जरासा कुजका आणि तरी जिवंत. “नायना, हे बघा,” म्हणून त्यानं डब्याचं झाकण काढलं तेव्हा नागप्पा आधी चिडलाच. मग त्याच्यातला रंगमास्तर जागा झाला. मिलच्या रंगखात्यात तीस वर्षं त्यानं हौदातल्या पाण्यात काचेची नळी सोडून मिठाचा जोर मोजला होता. त्या मापाला खात्यात ट्वाडल म्हणत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून त्यानं ती नळी घरी आणली, समुद्राच्या पाण्यात सोडली, वाकून आकडा वाचला. “पाच,” तो म्हणाला. गोपाळ इतका हसला की आतून प्रभा बाहेर येऊन बघू लागली. “एवढा मोठा समुद्र, नायना, आणि तुमी त्याला पाच म्हणून टाकलं!” त्याच आठवड्यात नागप्पाच्या बापाचा जुना माग जिथं होता त्या जागी, वरच्या काचेच्या कौलातून ऊन पडतं तिथं, लोखंडी चौकटीची चार फुटी टाकी उभी राहिली. सगळ्यात मोठा, मधे भोक असलेला दगड गोपाळनं स्वतः आत ठेवला, दोनदा हलवून बघितला आणि म्हणाला, “हे त्याचं घर.” आठ दिवसांनी तो गेला. मार्गशीर्षात तार आली. पहाटेची पाळी संपवून डेकवर गेला होता, नंतर दिसला नाही. एवढंच. जाळायला काही नव्हतं, पुरायला काही नव्हतं. नागप्पा तार हातात घेऊन टाकीपाशी बसून राहिला, आणि त्या पाण्यात एक एवढासा जीव कल्ले हलवत होता.

त्यानंतरची वर्षं नागप्पाला सलग आठवत नसत. पाण्याखालून वर बघावं तशी ती हलत. मिलचा लॉरीवाला जोतीराम महिन्यातून एकदा मुंबईला जाई, येताना ॲसिडच्या धुतलेल्या मोठ्या बरण्यांतून समुद्र आणी. “मास्तर, तुमचा दर्या आला वो,” म्हणून दारात हॉर्न वाजवी. दगडांवर आपोआप जांभळट साय धरली, मग तिच्यावर बोटभर उंचीची मऊ फुलं उमलली, जी फुलं नव्हती, जीव होते, आणि सावली पडली की मिटून जात. त्या बरण्यांतूनच एक समुद्रफूल आलं, त्यात राहणारे दोन इवले नारिंगी मासे आले, आणि दोन-तीन वर्षांत गेलेही. बहात्तरच्या दुष्काळात गल्लीतल्या बायका नळाशी घागरी घेऊन भांडत असताना नागप्पाच्या घरात काठोकाठ पाणी उभं होतं आणि त्यातलं घोटभरही कुणाला पिता येत नव्हतं. लोक ते बघून जात. एकोणीस वर्षांची प्रभा दुपारी टाकीसमोर चवड्यावर बसे. उकडलेल्या पालकाचं पान ती पाण्यात धरी आणि मासा तिच्या बोटांतून ते खाई. तिच्यात आणि नागप्पात बोलणं असं नव्हतंच. मीठ किती, ऊन किती, पंप का थांबला, एवढंच. पण त्या पाण्यावरून तो तिच्याशी जितकं बोलला तितकं सावित्रम्माशीही बोलला नव्हता. गोपाळचं नाव मात्र त्या घरात कुणीच घेत नसे. घ्यायचं नाही असं ठरलं नव्हतं, पण घेतलं गेलं नाही, आणि मग घेणं अवघड होत गेलं.

मासा हाताच्या पंजाएवढा झाला तसा त्याचा स्वभाव उघडा पडला. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांना एकेक पातं असतं, चाकूसारखं मिटलेलं. जोतीरामनं एकदा मुंबईहून तीन लहान मासे आणून दिले, तर ह्यानं संध्याकाळपर्यंत तिघांनाही चिरून टाकलं. पाणी त्याचं, दगड त्याचे, ऊनही त्याचंच. पुढं मुंबईच्या एका मासेवाल्यानं नागप्पाला युक्ती सांगितली. आधी जुन्याला काढून बादलीत ठेवायचं, सगळे दगड उचलून नव्यानं मांडायचे, नवे मासे सोडायचे आणि सगळ्यांच्या शेवटी जुन्याला. घर बदललं की मालकी राहत नाही, सगळेच उपरे. नागप्पानं ऐकून घेतलं, केलं मात्र नाही. मधला दगड गोपाळनं ठेवला होता. त्याच्या खालची वाळू गोपाळच्या बोटांनी सारलेली होती. टाकीत नवं काही आणायचंच नाही, हे त्यापेक्षा सोपं होतं.

प्रभाच्या लग्नाला तो गेला नाही. त्या दिवशी मिलला सुट्टी होती, तरी तो रंगखात्यात जाऊन रिकाम्या हौदांच्या कडेनं फिरत राहिला. कडेला वाळलेल्या निळीचे थर होते, प्रत्येक थर म्हणजे एकेक जुना दिवस. संध्याकाळी सावित्रम्मा परत आली, डोक्यातलं फूल काढून ठेवलं आणि म्हणाली, “माणूस बरा हाय. रामेश्वराकडं मासेमारी खात्यात जाळ्यांच्या कोठारावर कारकून हाय. बोटीवर चढतोस का म्हणून इचारलं मी. न्हाई म्हणाला, उलट्या होतात.” आणि ती हसता हसता रडायला लागली. नागप्पा टाकीकडं वळला.

रविवारी सकाळी टांग्यातून ते उतरले. प्रभाचा नवरा अंबादास थोराड, सावळा, अंगापेक्षा आवाज लहान असलेला माणूस होता. त्याच्या दोन्ही हातांत मिळून एक पत्र्याचा डबा होता आणि पाया पडायचं तर तो खाली ठेवावा लागेल म्हणून तो दारातच घोटाळला. प्रभानं डबा घेतला. आठ महिन्यांत तिचा चेहरा भरला होता, रंग उन्हानं रापला होता, आणि नागप्पाला क्षणभर वाटलं की ही कुणी दुसरीच आहे, प्रभा अजून आत टाकीसमोर बसली आहे. सासू-सुनेनं एकमेकींना पोटाशी धरलं. प्रभा माढ्याला वाढलेली, तिला तेलुगू बेताचंच येई, त्यामुळं ती आली की सगळं घर आपसूक मराठीवर येई.

“मामा, तुमच्यासाठी हाय,” ती डब्याकडं बघत म्हणाली. “कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेले. ह्यांनी निवडून आणलेत.”

डब्यात पाण्यानं फुगवलेल्या दोन पिशव्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक मासा. नागप्पानं पिशवी उन्हात धरली. असा निळा त्यानं इतक्या वर्षांत कुठल्याच हौदातून वर आलेला पाहिला नव्हता. गडद नाही, फिका म्हणावा तर फिकाही नाही. आश्विनात पाऊस सरल्यावर सकाळी आभाळ असतं तो. पाठीवर हळदीच्या रंगाचा पंख, तोंड काळं. आणि शेपटीच्या मुळाशी तेच मिटलेलं पातं. त्याच जातकुळीचे. जुना मासा ह्यांना घटकाभरही राहू देणार नाही, हे नागप्पाला तेव्हाच कळलं.

“दोन दिवस लागले की गाडीला,” प्रभा सांगत होती. “मासे गुदमरतील म्हणून हे नळीनं फुंकत बसले. मी झोपले, हे न्हाई झोपले.”

अंबादास संकोचून हसला. त्याचे ओठ फुटले होते. “मला पाळायचं काही कळत नाही, मास्तर. म्हटलं, जगून हितवर आले की पुढचं तुम्ही बघाल.”

चहा झाला. सावित्रम्माला लेकीला साडी घ्यायची होती, तेव्हा नवी पेठेत जायचं ठरलं. “तुमी?” तिनं विचारलं. “मी मासे बघतो,” नागप्पा म्हणाला. निघताना प्रभा उंबऱ्यात थांबली. टाकीकडं, मग त्याच्याकडं तिनं पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि चप्पल पायात सरकवून ती गेली.

घर शांत झालं. पंपाची घरघर, कौलातून उतरलेला उन्हाचा खांब, त्यात फिरणारी धूळ. पाण्याची ऊब सारखी व्हावी म्हणून पिशव्या त्यानं टाकीत तरंगत ठेवल्या. खालून जुना मासा वर बघत होता. आता बादली आणायची, जाळं आणायचं, त्याला काढायचं, दगड उचलायचे. नागप्पा उठला नाही. त्याच्या मनात असं एक वाक्य कधीच तयार झालं नाही की हे मेले तर बरं. फक्त असं होतं की सगळं फार नीट होतं, ऊन नीट पडत होतं, दगड होते तिथं होते, सात वर्षं ह्या पाण्यात काही हललं नव्हतं, आणि कुणी विचारलंच तर प्रवासानं दमले होते बिचारे, एवढं म्हणून भागलं असतं. कुणाला कळणार होतं? बोटं आपोआप पिशवीच्या दोऱ्याशी गेली. गाठ सुटली. पहिला निळा तुकडा बाहेर आला, मग दुसरा, आणि नवख्या घरात पाहुणा जसा दाराशीच उभा राहतो तसे ते दोघं पृष्ठभागाशी एकमेकांना चिकटून राहिले.

जुना मासा सावकाश वर आला. घाई नव्हती त्याला. त्याचे पट्टे गडद झाले, पंख उभे राहिले. त्यानं अंग बाजूला वळवलं, शेपूट एकदाच झटकली, आणि एका निळ्याच्या कुशीवर पांढरी रेघ उमटली. नागप्पा बघत राहिला. त्याला गरम वाटलं, छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि ते सुख होतं. हे त्याला दुसऱ्या झटक्याच्या वेळी कळलं. ते सुखच होतं. निळा मासा काचेवर आपटला, पुन्हा आपटला, काचेच्या ह्या बाजूला नागप्पाचा चेहरा होता आणि त्याला जायला जागा नव्हती. सात वर्षं तो मनात म्हणत आला होता की हा मासा म्हणजे गोपाळची उरलेली खूण. ह्यानं गोपाळचा हात पाहिलाय. आणि आता त्याला गोपाळ दिसला, मासा नव्हे, गोपाळ. मिलच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत आपली भाकरी दुसऱ्याला देऊन उपाशी घरी येणारा, मार खाऊनही कुणाचं नाव न सांगणारा. नव्या पोरानं वर्गात जागा मागितली तर हा स्वतः जमिनीवर बसला असता. हा जो पाण्यात फिरतोय तो गोपाळचा कुणी नाही. हे माझंच आहे. मीच आहे.

त्यानं बाही वर न करताच दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले. मधला दगड धरला. तो हलेना, सात वर्षांत त्याला खाली काय काय फुटलं होतं कुणास ठाऊक. नागप्पानं चौकटीला गुडघा रोवला आणि ओढला, तसा तो मुळं तुटल्यासारखा आवाज करत सुटला. वाळू उसळली, पाणी दुधासारखं गढूळ झालं, मऊ फुलं पटापट मिटली. जुना मासा हातावर चाल करून आला आणि तळव्यात काहीतरी गरम गेलं. त्यानं दगड सोडला नाही. तो बाहेर काढून त्यानं फरशीवर ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. कुठला निळा जगलाय, कुठला नाही, काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात ते परत आले. घरभर पाणी, फरशीवर दगड, नागप्पा चिंब, हाताखालचं पाणी लालसर. सावित्रम्मानं तोंडावर हात नेला. प्रभानं मात्र साडीचं पुडकं खाली टाकलं, पदर खोचला आणि सरळ बादली घेऊन आली. “जाळं कुटं हाय?” अंबादास विचारत होता, आणि कुणी सांगायच्या आत त्यानं ते खिळ्यावरून काढलंही. त्या थोराड माणसाचा हात पाण्यात फार हलका होता. दुसऱ्याच खेपेला त्यानं जुन्या माशाला जाळ्यात घेतलं आणि पाणी न सांडता बादलीत सोडलं. मग तिघं मिळून दगड मांडू लागले. मधला दगड प्रभानं उचलला आणि नागप्पाकडं पाहिलं. “उजवीकडं,” तो म्हणाला, “भोक भिंतीकडं कर.” पाणी निवळायला दुपार झाली. एक निळा तळाशी आडवा पडला होता. दुसरा कोपऱ्यात, जेमतेम, पण कल्ले चालू होते.

मेलेला मासा अंबादासनं ओंजळीत घेतला. दोन दिवस त्यानं ज्याला फुंकून जगवलं तोच हा. नागप्पाला त्याच्या फुटलेल्या ओठांकडं बघवेना.

“मी मुद्दाम सोडले,” तो म्हणाला. “दगड न हलवता. मला ठाऊक होतं.”

अंबादासनं मासा केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि परसात गेला. प्रभा नागप्पाच्या तळव्याला हळद लावत होती.

“मलाबी ठाऊक होतं, मामा,” ती मान वर न करता म्हणाली. “तुमीच सांगितलं होतं मला, दगड हलवावे लागतात म्हणून. जाताना मी थांबले ती त्यासाठीच.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलून काय? तुमी केलं असतं, माझ्या तोंडाकडं बघून. मला बघायचं होतं, आमी नसताना काय करता.” तिनं चिंधीची गाठ जरा जास्तच आवळली. “आता वाटतं, बोलायला हवं होतं. तो बिचारा हकनाक गेला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या माशाला परत पाण्यात सोडलं. तो वेगानं मधल्या जागेकडं गेला आणि तिथं काहीच नव्हतं. तो थांबला, वळला, पुन्हा तिथंच आला. काचेपासून काचेपर्यंत गेला. निळा समोर आला तेव्हा त्यानं शेपूट उगारली, पण ती नुसतीच. कशासाठी उगारली हे त्यालाच आठवेनासं झाल्यासारखी. मग तो एका अनोळखी कपारीशी घुटमळत राहिला. नागप्पाला त्याची इतकी दया आली की त्यानं नजर काढून घेतली.

अंबादास शेजारी येऊन चवड्यावर बसला होता. कालपासून तो नागप्पाशी एक शब्द बोलला नव्हता. आतासुद्धा तो पाण्याकडंच बघत होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “गोपाळ कसे होते?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. सावित्रम्मा दारात आली, तिच्या मागं प्रभा. ते नाव घराच्या हवेत उघडं उभं होतं आणि काही कोसळलं नव्हतं. नागप्पानं तोंड उघडलं. भाकरीचं सांगावं, हसण्याचं सांगावं असं त्याच्या मनात होतं, पण तोंडातून भलतंच आलं. ते त्यानं आजवर कुणालाच, स्वतःलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

“त्याला पवायला येत नव्हतं,” तो म्हणाला. “गल्लीतली सगळी पोरं विहिरीवर जायची. ह्याला मी कधी जाऊ दिलं नाही. एकुलता एक. बुडेल म्हणून.”

सावित्रम्मा खाली बसली, जिथं होती तिथंच, ओल्या फरशीवर. “मला म्हणायचा,” ती मराठीतच म्हणाली, “नायना झोपले की सोड मला. मीबी सोडलं न्हाई.”

अंबादास सरकला आणि त्यानं तिला टाकीपाशी जागा करून दिली.